न पाहिलेल्या सिनेमाचा शेवट

"हे लिहिणारे तुम्हीच का?"

टेबलावर वर्तमानपत्राचं एक कात्रण ठेवत त्या गृहस्थांनी विचारलं. दुपारचे दोन वाजले असतील. परीक्षा आटोपल्या होत्या, कॉलेजच्या ग्रंथालयात मी एकटाच होतो. परत आलेल्या पुस्तकांची फाटलेली पानं चिकटवत बसलो होतो. कात्रण माझ्याच सदराचं होतं. चार घड्या पडलेलं, घडीवर विरलेलं, आणि एके ठिकाणी मागून कागदाची पट्टी लावून जोडलेलं.

"हो, मीच. अच्युत ताम्हनकर. बसा ना," मी म्हणालो. आपलं लिखाण कुणी असं जपून ठेवतं हे पाहून मी मनातून फुलून गेलो होतो.

"मी पेठकर. भिलवडीच्या शाळेत इंग्रजी शिकवायचो. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली." धोतर, सदरा, काळी टोपी. ते बसले नाहीत. मागे वळून म्हणाले, "अगं, ये आत. चालतं इथे."

दारात एक बाई उभ्या होत्या. बारीक अंगाच्या, नऊवारीतल्या. त्यांनी चपला दाराबाहेर काढून ठेवल्या होत्या. पुस्तकांच्या कपाटांना देवळातल्यासारखा हात लावून त्या आत आल्या आणि माझ्यासमोरच्या खुर्चीच्या कडेवर टेकल्या.

"ही द्वारका, माझी पत्नी," मास्तर म्हणाले. "तिला तुम्हाला एक विचारायचंय."

बाईंनी कात्रणावर बोट ठेवलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण कुठल्या ओळीवर बोट ठेवायचं ते त्यांना बरोबर माहीत होतं. "हा मुलगा शेवटी परत येतो, असं तुम्ही लिहिलंय."

"हो."

"हा सिनेमा मला बघायचाय. कुठे लागतो?"

मी त्यांना समजावून सांगितलं. हा सिनेमा टॉकीजला लागण्यातला नाही. युरोपातल्या एका छोट्याशा देशातला आहे, जुना आहे. आमची फिल्म सोसायटी असे सिनेमे पुण्या-मुंबईहून मागवते. प्रिंट मिळाली तर दाखवू.

"मिळेल ना?"

"प्रयत्न करतो, काकू."

मास्तर इतका वेळ कपाटाकडे बघत होते. तसंच बघत त्यांनी विचारलं, "तुम्ही स्वतः पाहिलाय हा?"

"हो तर," मी म्हणालो.

तो सिनेमा मी पाहिलेला नव्हता.

तेव्हा मी बत्तीस वर्षांचा होतो. सांगलीच्या त्या कॉलेजात सहायक ग्रंथपाल होतो आणि जिल्ह्याच्या एका दैनिकात दर रविवारी 'न पाहिलेले सिनेमे' नावाचं सदर लिहीत होतो. गाजलेले सिनेमे लोक पाहतातच; कुणाच्या कानावर नावही न आलेले, कोपऱ्यात राहून गेलेले थोर सिनेमे आपण लोकांना सांगावेत, अशी माझी कल्पना. पहिले वीस-पंचवीस लेख मी खरोखर पाहिलेल्या सिनेमांवर लिहिले. मग पाहिलेले संपले आणि सदर चालूच राहिलं. ग्रंथालयात इंग्रजी मासिकं यायची, सिनेमावरची जाड पुस्तकं होती. त्यांतून मी लिहू लागलो. कुणी विचारलं नाही. उलट लोक रस्त्यात थांबवून म्हणायचे, केवढं पाहिलंयत हो तुम्ही!

या सिनेमाबद्दल मी एका मासिकात वाचलं होतं. महायुद्धावर गेलेल्या मुलाची वाट पाहत एक आई रोज बर्फातून स्टेशनवर जाते, अशी गोष्ट. लेखकानं शेवट सांगितला नव्हता. पण सोबत एक चित्र होतं: थांबलेली आगगाडी, वाफ, आणि डब्यातून उतरणारा लांब कोटातला एक तरुण. मला वाटलं, हाच मुलगा. मग मी शेवटचा परिच्छेद रंगवून लिहिला. 'आणि एका हिवाळ्यात गाडी थांबते. वाफेतून तो उतरतो. आईची वाट पाहणं फळाला येतं.' तो परिच्छेद मला स्वतःला इतका आवडला होता की छापून आल्यावर मी तो दोनदा मोठ्यानं वाचला होता.

द्वारकाकाकू सांगत होत्या. त्यांचा मुलगा दिगंबर. एकुलता एक. डिप्लोमा झालेला. बारा वर्षांपूर्वी, ज्येष्ठात, मध्य प्रदेशातल्या एका कारखान्यात मुलाखतीला म्हणून निघाला. नागपूर स्टेशनवरून त्यानं कार्ड टाकलं. गाडीला गर्दी आहे, डबा खाल्ला, पोचल्यावर लिहितो. त्यानंतर काही नाही. कारखान्यात तो पोचलाच नव्हता. पोलीस झाले, वर्तमानपत्रात फोटो झाले, मास्तर स्वतः तीनदा तिकडे जाऊन आले.

"भांडून नाही हो गेला," काकू म्हणाल्या. "जाताना पाया पडला. मी दह्याची कवडी घातली हातावर."

मास्तरांनी घसा साफ केला. "ताम्हनकर, शेवट तुम्ही लिहिलाय तसाच आहे ना? नक्की?"

मी त्या बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. "नक्की, सर," मी म्हणालो.

काकू चपला घालेपर्यंत मास्तर एकटे परत आत आले. मला वाटलं, छत्री-पिशवी काही विसरले असतील. हलक्या आवाजात त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, "तुमच्या डोळ्यांनी बघितलंय ना? कुणाचं ऐकून नाही?"

मला राग आला. पकडला जाऊ की काय या भीतीचा तो राग होता, पण तेव्हा मला तो अपमान वाटला. "तुमचा विश्वास नसेल तर राहू द्या, सर."

"तसं नाही," ते म्हणाले आणि खाली मान घालून निघून गेले.

प्रिंट मिळणार नाही असं मी धरून चाललो होतो. पण सोसायटीच्या यादीत मीच ते नाव महिन्याभरापूर्वी मोठ्या हौसेनं घातलं होतं, आणि जुलैत त्या देशाच्या दूतावासाकडून पत्र आलं की प्रिंट पाठवत आहोत. पेठकरांना कळवू नये, असं माझ्या मनात आलं. त्याच आठवड्यात मास्तरांचं कार्ड आलं. 'ती रोज विचारते. काही समजले का?' मी तारीख कळवली. मनाची समजूत घातली, की आपला अंदाज बरोबरच असणार. चित्र आपण पाहिलंय. गाडीतून उतरणारा दुसरा कोण असेल?

प्रिंटचे डबे शनिवारी संध्याकाळी यायचे ते रविवारी सकाळी साडेनवाला आले. खेळ दहाचा. आधी लावून बघायला वेळच नव्हता. कॉलेजच्या सभागृहात साठ-सत्तर माणसं जमली होती. पेठकर पतिपत्नी नऊपासूनच येऊन बसले होते. काकूंनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं.

"तुम्ही माझ्याशेजारी बसा," त्या मला म्हणाल्या. "खाली इंग्रजी अक्षरं येतात म्हणे. ती मला सांगा."

"सर सांगतील की. त्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा—"

"नको. हे मधलं मधलं गाळून सांगतात. पोलिसांची पत्रं यायची तेव्हापासून बघतेय मी."

मास्तर चष्मा पुसत होते. काकू मध्ये, एका बाजूला मास्तर, दुसऱ्या बाजूला मी. दिवे गेले.

सिनेमा फार चांगला होता. हे मला सांगितलंच पाहिजे. मी जे लिहिलं होतं त्याच्या कितीतरी पलीकडचा. त्या आईचं काम करणारी बाई जवळजवळ बोलतच नव्हती. ती चूल पेटवी, पाव भाजे, एक पाव फडक्यात गुंडाळी आणि चालू लागे. गाडी येई, जाई. ती परत येई आणि तो पाव स्वतः खाई. बस. माझ्या शेजारी काकू हे सगळं असं पाहत होत्या की जणू शेजारच्या घरात चाललंय. मी अक्षरं वाचून हळू आवाजात सांगत होतो. "स्टेशनमास्तर म्हणतोय, बाई, आज नका थांबू, थंडी फार आहे." काकू मान हलवत. "ती नाही ऐकायची," म्हणत. एकदा पुढच्या रांगेतल्या कुणीतरी मागे वळून बघितलं. मग त्यांना पाहून पुन्हा वळलं नाही.

आणि गाडी थांबली. वाफ. लांब कोटातला तरुण उतरला.

काकूंनी माझं मनगट धरलं.

तरुण त्या बाईपाशी आला. तिच्याकडे बघत राहिला. मग बोलू लागला, आणि खाली पांढरी अक्षरं उमटली. 'तुम्ही त्याची आई. मी त्याच्याबरोबर होतो.'

अक्षरं गेली, दुसरी आली. 'तिसऱ्या हिवाळ्यात तो गेला. हा कोट त्याचा. तुम्हाला आणून द्यायचं वचन मी दिलं होतं.'

"काय म्हणतो?" काकूंनी विचारलं. माझ्या मनगटावरची त्यांची बोटं गार पडली होती. "सांगा ना. काय म्हणतो?"

पडद्यावर त्या बाईनं हात पुढे केला आणि कोटाच्या बाहीवरून फिरवला. मग तिनं त्या तरुणाला जवळ घेतलं, त्याच्या छातीवर डोकं टेकलं.

"म्हणतो, आई, मी आलो," मी म्हणालो. "फार दिवस लागले, म्हणतो."

काकूंनी पदर तोंडावर दाबला. "केवढा बदललाय," त्या थोड्या वेळानं म्हणाल्या. "तिच्या घरच्या भिंतीवरच्या फोटोत कसा गुटगुटीत होता. हाल झाले हो त्याचे."

"हो."

ती बाई त्या तरुणाला घरी घेऊन गेली. त्याला तिनं पाव वाढला, सूप वाढलं. तो मान खाली घालून जेवत होता आणि ती समोर बसून बघत होती. तो बोलत होता. मित्र कसा पडला, कुठे पुरला, शेवटी काय म्हणाला. मी सांगत होतो, "वाटेत आजारी होतो म्हणतो. पत्र टाकलं होतं, पोचलं नसेल म्हणतो." एकदा सुरुवात केल्यावर थांबता येत नव्हतं. मास्तर पलीकडे ताठ बसले होते. पडद्याचा उजेड त्यांच्या चष्म्यावर हलत होता. ते वाचत होते. प्रत्येक अक्षर वाचत होते आणि माझा प्रत्येक शब्द ऐकत होते.

शेवटच्या दृश्यात सकाळ होते. तरुण निघून गेलेला असतो. ती बाई कोट खुंटीला अडकवते, पाव फडक्यात गुंडाळते आणि बर्फातून चालू लागते.

"आता कुठे निघाली ही?"

"देवळात," मी म्हणालो. "नवस फेडायला."

"बरोबर आहे," काकू म्हणाल्या.

दिवे लागले. दोघी-तिघी डोळे पुसत होत्या. काकूंनी मास्तरांना बाहेर पाठवलं, समोरच्या दुकानातून पेढे आणवले, आणि सभागृहाच्या दारात उभं राहून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर एकेक पेढा ठेवला. लोक पेढा घेत आणि माझ्याकडे बघत. मास्तर पुडा धरून उभे होते. सगळ्यात शेवटचा पेढा काकूंनी माझ्या तोंडात भरवला.

तीन आठवड्यांनी मास्तर एकटेच ग्रंथालयात आले. या वेळी बसले.

"तुम्ही तो सिनेमा पाहिला नव्हता," ते म्हणाले.

"नाही, सर."

त्यांनी मान हलवली. चिडले असते तर बरं झालं असतं. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली आणि तिच्याशी बोलल्यासारखे बोलू लागले.

"माणूस परागंदा झाला की शास्त्रात बारा वर्षं सांगितलीत. बारा वर्षं थांबायचं. मग दर्भाचा पुतळा करून त्याचं सगळं करायचं. ज्येष्ठात आमची बारा वर्षं भरणार होती. मी दोन वर्षं तिच्या मागे होतो. हळूहळू, कधी गुरुजींकडून, कधी तिच्या बहिणीकडून. जानेवारीत ती हो म्हणाली. दिगूचा एक सदरा बाजूला काढून ठेवलान तिनं, त्याबरोबर द्यायला. आणि मग फेब्रुवारीत रविवारचा पेपर आला."

मी समोरचं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं.

"मीच वाचून दाखवला तिला. मला काय कल्पना! दर रविवारी तुमचं सदर मी वाचून दाखवायचो. शेवटच्या ओळींना मी अडखळलो तशी म्हणाली, गाळू नका, वाचा. ऐकलं आणि सदरा परत कपाटात ठेवला. म्हणाली, सिनेमा बघून मग ठरवू. म्हणून तुम्हाला तीनदा विचारलं. तुम्हाला वाटलं, मला तो यायला हवाय. मला तुम्ही एकदा नाही म्हणायला हवे होतात. मी तिला तिथल्या तिथे सांगितलं असतं, बघ, हे नुसतं लिहिलेलं आहे."

"सर, मी..."

"थांबा. त्या दिवशी अंधारात ती अक्षरं आली ना, 'तिसऱ्या हिवाळ्यात तो गेला', तेव्हा खरं सांगतो, मला बरं वाटलं. म्हटलं, सुटलो. आता हिला कळेल. माझ्या तोंडून नाही, दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून, अंधारात कळेल. रडेल, आणि मग आपण घरी जाऊ. मी तिचा हात धरायला हात पुढे केला होता." टोपी त्यांनी मांडीवरच फिरवली. "आणि तुम्ही बोलायला लागलात."

ग्रंथालयात कुणीतरी आलं, पुस्तक ठेवून गेलं. मी नोंद करायलाही हललो नाही.

"आता ती काय करते सांगू? रोज दोघांच्या जागी तिघांचा स्वयंपाक करते. बारा वर्षांत कधी केला नव्हता."

"मी येतो," मी म्हणालो. "मी स्वतः काकूंना सांगतो. सगळं खरं सांगतो."

मास्तरांनी टोपी डोक्यावर घातली. "या," ते म्हणाले. "बघा सांगून."

पुढच्या रविवारी मी सकाळच्या एस.टी.नं भिलवडीला गेलो. दोन खोल्यांचं स्वच्छ घर. काकूंनी मला पाहिलं आणि आनंदानं पाटच मांडला. जेवायच्या आधीच सांगून टाकावं म्हणून मी तसाच त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो. मास्तर दाराशी उभे राहिले.

मी सगळं सांगितलं. सिनेमा न बघता लिहिलं, ते. आणि त्या दिवशी अक्षरं वेगळी होती, ते. "तो तरुण तिचा मुलगा नव्हता, काकू. मुलाचा मित्र होता. मुलगा गेला होता. कोट तेवढा परत आला. शेवटी ती देवळात नाही, पुन्हा स्टेशनवरच जाते. मी तुमच्याशी खोटं बोललो. मला क्षमा करा."

काकू शांतपणे ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे नव्हे, मास्तरांकडे बघितलं.

"यांनी पाठवलं तुम्हाला?"

"नाही, नाही. मी स्वतःहून आलो."

"मागच्या आठवड्यात हे एकटेच सांगलीला गेले होते. पेन्शनचं काम म्हणाले. तुमच्याकडेच आले होते ना?"

मला खोटं बोलवेना. "हो. पण..."

"मग झालं तर." त्या हसल्या. राग नव्हता त्यात. लहान मुलाची चोरी पकडल्यावर हसावं तसं. "अहो, मित्राच्या गळ्यात अशी पडते का बाई? मी बघत होते ना. अक्षरं मला येत नाहीत, माणसं येतात. तिनं त्याला जेवायला वाढलं, समोर बसून राहिली. परक्याच्या ताटाकडे असं कुणी बघतं?"

"काकू, मी शपथ घेऊन सांगतो..."

"त्या दिवशी तुम्ही खरं सांगितलंत," त्या म्हणाल्या. "तुमचा हात थरथरत होता, मी धरला होता. खोटं बोलणाऱ्याचा असा थरथरत नाही. आज खोटं सांगताय. यांच्यासाठी सांगताय. यांना ते सगळं उरकून टाकायचंय, मला कळतं. दमलेत ते. मी रागावत नाही त्यांच्यावर." त्या उठल्या. "चला, जेवून घ्या. आमटी गार होईल."

चार पानं मांडलेली होती. आम्ही तिघं जेवलो. चौथ्या पानावर त्यांनी काही वाढलं नाही, पण ते उचललंही नाही.

मास्तर मला बसपर्यंत सोडायला आले. थांब्यावर पिंपळाच्या पारावर आम्ही बसलो.

"मी करून आलो," ते एकदम म्हणाले.

"काय?"

"दिगूचं. परवा, हरिपूरला, संगमावर. तिला शाळेत काम आहे म्हणून सांगितलं. गुरुजी म्हणाले, मुलाची आई? मी म्हटलं, आजारी आहे." ते धोतराचा सोगा उगाच नीट करत होते. "दर्भाचा पुतळा एवढासा असतो हो. त्याच्याजवळ नाव घ्यायचं असतं. दिगंबर विश्वनाथ पेठकर. चारदा घ्यावं लागलं, मला पहिल्या तीनदा येईना. सदरा काही मिळाला नाही. कपाटाची किल्ली तिच्या कमरेला."

हरिपूर माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. परवा त्या वेळी मी घरी बसून पुढच्या रविवारचा लेख लिहीत होतो.

"मला बोलवायचं होतंत, सर."

"तुम्ही कोण त्याचे?" ते म्हणाले. टोचून नव्हे, खरंच विचारावं तसं. मग बस आली. मी चढलो, तसे ते खिडकीशी आले. "ताम्हनकर, आता एक करा. ती परत कधी विचारेल. तेव्हा आज सांगितलंत तसं सांगू नका. त्या दिवशी सांगितलंत तसंच सांगा. एक काहीतरी राहू द्या तिच्याजवळ."

घरी आल्यावर मी तो लेख फाडला आणि संपादकांना सदर बंद करत असल्याचं कळवलं. त्यांना कारण सांगितलं नाही. त्यानंतर आजतागायत मी कुणाला, अमुक एक सिनेमा पाहाच, असं सांगितलेलं नाही. त्या सिनेमाचं नाव तर मी इथेही घेत नाही. आयुष्यात पाहिलेल्यांपैकी सगळ्यात थोर सिनेमा तो असेल.

भिलवडीला मात्र मी जात राहिलो. वर्षातून दोनदा, कधी तीनदा. काकू विचारत आणि मी सांगत असे. पहिल्यांदा जीभ जड झाली. नंतर सवय झाली. त्यांना सगळा सिनेमा नको असे, गाडी थांबते तिथून पुढचा हवा असे.

शेवटचा गेलो तो पंच्याण्णव सालच्या मार्गशीर्षात. काकू अंथरुणाला खिळल्या होत्या. नजर गेली होती, आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. मास्तर त्यांच्या उशाशी स्टुलावर बसले होते. तेही पार वाळले होते. मी सांगायला सुरुवात केली. गाडी थांबते. वाफ बाजूला होते. तो उतरतो, म्हणतो, आई, मी आलो. ती त्याला घरी घेऊन निघते.

तिथपर्यंत काकूंना झोप लागली होती. श्वास एकसारखा चालला होता. मी थांबलो आणि मास्तरांकडे बघितलं. आता उठावं, त्यांची रजा घ्यावी, असं मनात होतं.

मास्तर टोपी हातात धरून पुढे झुकले होते. त्यांनी तो सिनेमा पाहिला होता, खालचं प्रत्येक अक्षर वाचलं होतं. स्वतःच्या हातानं संगमावर सगळं करून आले होते.

"मग?" त्यांनी हळूच विचारलं. "घरी गेल्यावर पहिल्यांदा काय करतो तो?"

"पाणी मागतो, सर," मी म्हणालो.